मद्यमुक्तीच्या सभेचा पत्ता

दारू सोडणे आणि दारू सोडून राहणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट पुष्कळांनी पुष्कळ वेळा केलेली असते. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, ग्रामदैवतापुढे नारळ फोडून, आईच्या आजारपणात तिच्या उशाशी बसून घेतलेल्या शपथा महाराष्ट्रातील असंख्य घरांना ठाऊक आहेत. त्या शपथा घेणारा माणूस प्रत्येक वेळी खोटे बोलत असतो असे नाही. त्या क्षणी तो मनापासूनच बोलत असतो, आणि तरीही पंधरा दिवसांत तो पुन्हा गुत्त्याच्या वाटेला लागतो. घरची माणसे त्याचा अर्थ नीतिभ्रष्टता असा लावतात, शेजारी हसतात, आणि तो स्वतः आपल्या इच्छाशक्तीला दोष देत पुढचा पेला भरतो. शपथेनंतरची दुसरी संध्याकाळ कशी काढायची, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते.

हा प्रश्न किती जणांचा आहे, याचा अंदाज केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीवरून येतो. १० ते ७५ या वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय मद्यपान करतात, आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना त्याचा उपद्रव इतका झालेला आहे की त्यांना मदतीची गरज आहे, असे त्या पाहणीत आढळले. याहूनही बोलका आकडा दुसराच आहे. मद्याच्या पूर्ण अधीन झालेल्या दर ३८ जणांपैकी केवळ एकाला कसला ना कसला उपचार मिळाला होता. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेल्यांचे प्रमाण तर १८० मध्ये एक एवढेच होते. उरलेल्यांपैकी सगळेच सुधारू इच्छित नव्हते असे मानणे अन्यायाचे होईल. कोठे जावे हेच न कळल्यामुळे घरी राहिलेले त्यांत कितीतरी असले पाहिजेत.

मंडळ आणि माळ

मद्यपान हे एकट्याचे व्यसन असल्याचे आपण समजतो. शेवटी शेवटी ते तसे होतेही. परंतु त्याचा प्रारंभ बहुधा संगतीत होतो. राम गणेश गडकरी यांनी हे मर्म अचूक हेरले होते. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ नाटकात सुधाकराच्या सर्वनाशाबरोबरच तळीरामाचे ‘आर्यमदिरामंडळ’ही आहे. प्रेक्षक त्या मंडळाच्या प्रवेशांना हसत आले. पण त्या विनोदामागे एक कठोर निरीक्षण आहे. पिणाऱ्याला सभासदत्व मिळते, त्याचे ऐकून घेणारे मिळतात, त्याच्या दुःखाला दाद मिळते. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो तेव्हा त्याच्यासाठी असे कोणतेही मंडळ नसते. पतिव्रता पत्नी आहे, उपदेश करणारे स्नेही आहेत. पण ज्याने ही आग स्वतः भोगली आणि जो तिच्यातून बाहेर आला, असा एकही माणूस त्याच्या शेजारी नाही. तो पुन्हा पेल्याकडे वळतो, यात नवल ते कोणते?

मराठी समाजाला या संगतीचे महत्त्व अपरिचित होते असेही नाही. वारकरी संप्रदायात गळ्यात तुळशीची माळ घालणारा माणूस मद्यमांस वर्ज्य करतो. ती माळ व्यक्तिगत व्रताची खूण असते, त्याचप्रमाणे ती सगळ्या गावाला दिलेली सूचनाही असते. माळकऱ्याला कोणी पेला पुढे करीत नाही; आणि त्याची संध्याकाळ भजनाच्या टाळमृदंगात जाते. गाडगेबाबांनी गावोगाव कीर्तनांतून दारूवर कोरडे ओढले, तेव्हा तेही ऐकणाऱ्याला त्याच्या गावकऱ्यांच्या देखतच साद घालीत होते. निश्चयाला साक्षीदार हवेत आणि रिकाम्या संध्याकाळीला सोबत हवी, हे जुन्या परंपरेला ठाऊक होते. शहरात आलेल्या, खोलीत एकट्याने राहणाऱ्या कारकुनाला किंवा गिरणगावातून उपनगरात विखुरलेल्या कुटुंबाला मात्र ती सोबत सहजी मिळेनाशी झाली.

शोधातून जन्मलेली चळवळ

मद्यमुक्तीच्या सभांची आधुनिक पद्धत ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजे अनामिक मद्यपी या संघटनेने रूढ केली, आणि तिचा उगमच मुळी अशा सोबतीच्या शोधात आहे. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात वावरलेला बिल विल्सन नावाचा गृहस्थ धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन या गावी गेला होता. त्याची दारू सुटून जेमतेम पाच महिने झाले होते. काम फसले, खिसा रिकामा झाला, आणि परक्या गावातील हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटा उरला. एका बाजूला मद्यगृहातील हसण्याखिदळण्याचे आवाज होते. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातील चर्चची यादी होती. त्याने टेलिफोन उचलला. एका धर्मोपदेशकामार्फत शोध घेत घेत दुसऱ्या दिवशी तो डॉ. रॉबर्ट स्मिथ या मद्यासक्त शल्यविशारदापर्यंत पोहोचला. पाव तासाच्या बोलीवर आलेले डॉक्टर कित्येक तास बोलत बसले. कारण उपदेश करण्याऐवजी स्वतःचीच कहाणी सांगणारा माणूस त्यांना प्रथमच भेटत होता. डॉ. स्मिथ यांनी मध्यंतरी एकदा पुन्हा मद्य घेतले. पण १० जून १९३५ नंतर त्यांनी त्याला स्पर्श केला नाही, आणि तोच दिवस संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. स्वतःला वाचविण्यासाठी दुसऱ्या मद्यासक्ताला मदत केली पाहिजे, हा या भेटीतून निघालेला धडा होता.

१९३९ साली या मंडळींनी आपले अनुभव आणि सुप्रसिद्ध बारा पायऱ्या ग्रंथरूपाने मांडल्या. १९५० साली क्लीव्हलँड येथील अधिवेशनात बारा परंपराही स्वीकारण्यात आल्या. त्या परंपरांनी संघटनेला मोठ्या चतुराईने बांधून घेतले आहे. सभासदत्वासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट; वर्गणी नाही; बाहेरच्यांची देणगी स्वीकारायची नाही; बाहेरच्या कोणत्याही वादावर मत द्यायचे नाही. त्यामुळे दारूबंदी असावी की नसावी, या आपल्याकडील जुन्या वादातही ही संघटना पडत नाही. वृत्तपत्रांत सभासदांची नावे व छायाचित्रे झळकवायची नाहीत आणि स्वतःची जाहिरातबाजी करायची नाही, हाही त्याच परंपरांचा भाग. भारतात या कामाला १९५७ च्या सुमारास आरंभ झाला आणि मुंबई हे त्याचे एक आद्य केंद्र ठरले.

या संयमाचा एक अपरिहार्य परिणाम ध्यानात घेतला पाहिजे. जी संस्था स्वतःचा गाजावाजा करीत नाही, तिचा पत्ता गरजूला आपोआप कळत नाही. देशी दारूच्या दुकानाची पाटी हमरस्त्यावरून दिसते. मद्यमुक्तीची सभा त्याच रस्त्यावरील शाळेच्या मागच्या वर्गात भरत असली तरी ती कोणाच्या नजरेस येत नाही. तेव्हा हा पत्ता बाळगण्याची जबाबदारी इतरांवर येते.

खोलीत काय घडते?

अज्ञाताची भीती हा पहिला अडसर असल्यामुळे सभेत काय होते, हे सांगणे उपयोगाचे आहे. एखाद्या शाळेचा वर्ग, चर्चचे सभागृह किंवा समाजमंदिराची खोली, दहापंधरा खुर्च्या, तास-दीड तासाचा अवधी. येणाऱ्याचे आडनाव, जात, हुद्दा कोणी विचारीत नाही, हजेरीपट नसतो. एक जण सभा चालवितो; तोही मद्यासक्तच असतो, आणि ते काम आळीपाळीने फिरते. प्रारंभी प्रार्थना किंवा थोडे वाचन होते. मग ज्याला बोलावेसे वाटते तो आपले पहिले नाव सांगून, आपण मद्यपी आहोत अशी कबुली देऊन बोलतो. त्याला मध्ये कोणी तोडत नाही, उलटतपासणी घेत नाही, उपाय सुचवीत नाही. नवख्याला बोलण्याची सक्ती नसते. नुसते ऐकून तो परत जाऊ शकतो. शेवटी एक थाळी फिरते, तीत सभासदांनी ऐपतीप्रमाणे पैसे टाकावेत, म्हणजे खोलीचे भाडे आणि चहा यांची सोय होते. काही सभा केवळ मद्यासक्तांसाठी असतात, तर ‘खुल्या’ सभांना नातेवाईक, विद्यार्थी, डॉक्टर असे कोणीही बसू शकतात. जन्मभराच्या शपथेऐवजी येथे फक्त आजच्या चोवीस तासांपुरता निर्धार करायचा असतो. शपथांनी थकलेल्या माणसाला या हिशेबाचे मोल चटकन कळते.

बोलण्यापेक्षाही ऐकण्याचा परिणाम येथे अधिक होतो. पगाराचे पाकीट घरी न पोहोचणे, शाळेत हात थरथरू नयेत म्हणून सकाळीच घेतलेला घोट, मुलीच्या लग्नात झालेली शोभा या गोष्टी आपल्या एकट्याच्याच पापाच्या आहेत, अशी प्रत्येकाची समजूत असते. दुसऱ्याच्या तोंडून त्याच गोष्टी ऐकल्या की शरमेचे ओझे हलके होते. आणि तो दुसरा आज स्वच्छ कपड्यांत, स्थिर हाताने चहाचा पेला धरून समोर बसलेला असतो. कोणत्याही व्याख्यानात हा पुरावा नसतो.

श्रद्धा, शास्त्र आणि गैरसमज

या पद्धतीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की तीत ईश्वराचा उल्लेख फार आहे. पायऱ्यांच्या भाषेवर ख्रिस्ती धार्मिकतेची छाप आहे, हे खरे. पण ईश्वराची कल्पना प्रत्येकाने आपापली करावी, अशी मुभाही तीत आहे, आणि अनेक जण समूहालाच आपल्याहून मोठी शक्ती मानून चालतात. शिवाय मार्ग एवढा एकच नाही. महाराष्ट्रातील उदाहरणेच पाहावीत. १९८१ साली मुंबईत फादर ज्यो परेरा यांनी सुरू केलेल्या ‘कृपा फाउंडेशन’ने बारा पायऱ्यांना अय्यंगार योगाची जोड दिली. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ उभे केले. तेथे उपचारानंतरच्या पाठपुराव्याच्या सभांना आणि ‘सहचरी’ या पत्नींच्या गटाला महत्त्वाचे स्थान मिळाले. साताऱ्याची ‘परिवर्तन’ ही संस्था तर अंधश्रद्धा निर्मूलनासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी काढली. धर्मोपदेशक, लेखक-डॉक्टर आणि विवेकवादी कार्यकर्ता असे तीन वेगळ्या प्रकृतीचे लोक या एकाच कामाकडे वळले, ही गोष्ट सूचक आहे.

दुसरा आक्षेप परिणामकारकतेचा. अशा सभांचा गुण शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेला नाही, असे २००६ सालच्या कॉक्रेन समीक्षेचे म्हणणे होते, आणि ते त्या वेळच्या पुराव्याला धरूनच होते. २०२० सालच्या नव्या समीक्षेत २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक रुग्ण विचारात घेण्यात आले. मद्यापासून पूर्णतः दूर राहण्याच्या बाबतीत, पद्धतशीरपणे सभांकडे वळविणारे उपचार इतर मान्य मानसोपचारांपेक्षा सरस ठरतात, असा तिचा निष्कर्ष होता. हे अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील आहेत, ही मर्यादा लक्षात ठेवावी लागेल. सभेला जाणारा प्रत्येक जण सुटतो असा दावा कोणी करू नये. परंतु फुकट आणि आयुष्यभर उपलब्ध असणारा हा मार्ग महागड्या उपायांच्या तोडीस तोड उतरतो, हे लहान यश नव्हे.

मात्र सभा म्हणजे औषधोपचार नव्हे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, क्वचित प्राणही जातो. पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढले पाहिजेत. सभा त्यानंतरच्या वर्षांसाठी असते. याउलट, रुग्णाच्या नकळत जेवणात पूड मिसळून दारू सोडविण्याच्या जाहिरातींना अनेक कुटुंबे बळी पडतात. डायसल्फिरॅमसारखे औषध पोटात असताना माणसाने दारू घेतली तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. ते औषध संमतीने आणि वैद्यकीय सल्ल्यानेच द्यावयाचे असते. चोरून केलेला उपचार विश्वासाचा उरलासुरला धागाही तोडतो.

पत्ता कोठे मिळेल?

आता मूळ प्रश्न. केंद्र शासनाची व्यसनमुक्तीविषयक १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. मानसिक आरोग्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सेवा चालू आहे. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि शासनमान्य व्यसनमुक्ती केंद्रे यांना आसपासच्या सभा बहुधा ठाऊक असतात. अनामिक मद्यपींच्या समूहांची सूची संघटना स्वतः ठेवते, आणि विचारणाऱ्याशी बोलायला तिचा एखादा सभासदच पुढे येतो. २०२० च्या टाळेबंदीत खोल्या बंद पडल्या तेव्हा अनेक समूहांनी दूरध्वनी व संगणकाच्या पडद्यावर सभा भरविल्या. दूरच्या तालुक्यातील माणसाला ही वाट अजूनही उपयोगी पडते.

अडचणी यानंतर सुरू होतात. मुंबई, वसई, पुणे, नागपूर, गोवा या भागांत निवड करता येते. तालुक्याच्या गावी ती नसते. शिवाय लहान गावात अनामिक राहणे कठीण. खोलीबाहेर उभी असलेली सायकल कोणाची, हे चहावाल्यालाही कळते. अशा ठिकाणी शेजारच्या गावच्या सभेला जाण्याचा तोडगा पुष्कळांनी काढलेला आहे, एस.टी.चे तिकीट दारूच्या बाटलीहून स्वस्तच पडते. स्त्रियांची अडचण याहून मोठी. पुरुषाच्या पिण्याला समाज नाके मुरडीत का होईना खपवून घेतो. स्त्री मद्यासक्त असल्याची कबुली ऐकण्याचीही त्याची तयारी नसते. त्यामुळे पुरुषांनी भरलेल्या खोलीत ती पाऊल टाकीत नाही, आणि केवळ स्त्रियांच्या सभा फार थोड्या. पहिली सभा रुचली नाही म्हणून सगळ्या सभा निरर्थक ठरविण्याची घाईही अनेकांना नडते. प्रत्येक समूहाची भाषा, वय आणि वातावरण वेगळे असते. दोनतीन ठिकाणी जाऊन पाहिल्याखेरीज निर्णय करू नये, हे जुने सभासद आवर्जून सांगतात.

घरच्यांसाठीही दार उघडे आहे. बिल विल्सनच्या पत्नीने १९५१ साली पुढाकार घेऊन ‘अल्-अ‍ॅनॉन’ ही नातेवाइकांची संघटना उभी केली. किशोरवयीन मुलांसाठी १९५७ पासून निराळे गट निघाले. पिणारा सभेला यायला तयार नसला, तरी त्याची पत्नी किंवा मुलगा एकट्याने तेथे जाऊ शकतो. त्याच्या व्यसनाचे कारण आपण नाही, हे उमगणे हीदेखील एक सुटकाच असते.

समाजाचे काम

महाराष्ट्रात दारूविषयीची सार्वजनिक चर्चा प्रायः दुकानाभोवती फिरते. १९४९ चा दारूबंदी कायदा, परवाने, ‘आडवी बाटली’साठी स्त्रियांनी केलेले मतदान, १९९३ पासूनची गडचिरोलीची बंदी, २०१५ मध्ये लागू होऊन २०२१ मध्ये उठलेली चंद्रपूरची बंदी, आणि या सगळ्यांच्या जोडीला महसुलाचा हिशेब. हे वाद महत्त्वाचे आहेत आणि ते चालू राहतील. पण दुकान उघडे असो वा बंद, आज संध्याकाळी दारूशिवाय राहू पाहणाऱ्या माणसाला त्या संध्याकाळपुरती एक खोली लागते. ती देण्यासाठी कायदा बदलावा लागत नाही आणि तिजोरीवरही भार पडत नाही.

शाळांचे वर्ग सायंकाळी सहानंतर रिकामे असतात. आठवड्यातून एक दिवस त्यांतील एक वर्ग नाममात्र भाड्याने देण्याचा ठराव करणे संस्थाचालकांना अवघड नाही. रुग्णालयातून घरी सोडताना रुग्णाच्या हाती औषधांच्या चिठ्ठीबरोबर जवळच्या सभेचा वार, वेळ आणि ठिकाण लिहून देता येते. एस.टी. स्थानक, प्राथमिक आरोग्य केंद्र, पतपेढी, ग्रंथालय येथील सूचनाफलकांवर चार ओळींचा कागद लावायला कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागू नये. कचेरीत सहकाऱ्याच्या रजांचा हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाला आणि वर्गात अचानक गप्प झालेल्या मुलाकडे पाहणाऱ्या शिक्षकाला घरातील दारूची चाहूल इतरांच्या आधी लागते. त्यांनी उपदेश करण्याची गरज नाही. योग्य वेळी, चारचौघांत न बोलता, एक पत्ता हातात ठेवणे पुरे. विद्यार्थ्यांनी खुल्या सभेला एकदा बसून पाहिले, तर दारुड्या या शब्दामागे माणूस असतो, एवढे तरी त्यांना कळेल.

त्या पत्त्यावर प्रत्येक जण जाईलच असे नाही. कोणी तो खिशात वर्षभर बाळगील, कोणी जाऊन परत येईल आणि पुन्हा घसरेल. मद्यपाश हा उलटणारा आजार आहे, आणि घसरलेल्याला पुन्हा आत घेणे हाच या सभांचा शिरस्ता आहे. परंतु ज्या दिवशी त्याच्या मनात जाण्याचे येईल, त्या दिवशी कोठे जायचे हे त्याला ठाऊक असले पाहिजे. ३८ मध्ये एक हे प्रमाण बदलायचे असेल, तर आरंभ येथूनच करावा लागेल.